'जिहाद'ला मराठीत काय लिहायचं?

दौत: एक हदीस (पैगंबरांचं वचन) मराठीत आणतेय, अबू दाऊद आणि तिर्मिझी दोघांच्या संग्रहात आहे. जुलमी सुलतानासमोर न्यायाचा शब्द बोलणं हा सर्वोत्तम जिहाद, असा अर्थ. तपासणाऱ्यांनी 'जिहाद' खोडून 'धर्मयुद्ध' केलं. अहो, बोलणारा माणूस निःशस्त्र आहे, मुंडकं गेलंच तर त्याचंच जाणार, यात युद्ध कुठं आलं? दुसरा शब्द सुचवा.

हिशोबनीस: धर्मयुद्ध नकोच. आपल्याकडे धर्मयुद्ध म्हणजे नियमाने लढलेलं, निःशस्त्रावर वार न करता. अरबीत लढाईला किताल आहे, युद्धाला हर्ब आहे. किताल क-त-ल मधला, आपली कत्तल तिथलीच. जिहाद ज-ह-द वरून, जीव तोडून केलेली खटपट. इज्तिहाद म्हणजे शास्त्राचा अर्थ लावायची मेहनत, तोही त्यातलाच, आणि हिंदीतली जद्दोजहदसुद्धा.

पानगळ: मग सरळ जिद्द म्हणा ना, मला तर कायम वाटतं की जिद्द जिहादवरूनच आलाय.

हिशोबनीस: नाही हो, जिद्दचं मूळ अरबी शब्दाचा अर्थ विरुद्ध, उलट. धातूच वेगळा.

रोखठोक: धातू दाखवून शब्द गोड करू नका. फिकहच्या, म्हणजे इस्लामी कायद्याच्या ग्रंथांत जिहादचं प्रकरण असतं ते लढाईचंच. कायदेपंडित इब्न रश्दच्या 'बिदायतुल मुज्तहिद'च्या नावात तुमचा इज्तिहाद आहे, पण आत जिहादच्या प्रकरणात कोणाशी लढायचं, कैद्यांचं काय करायचं, तह कधी करायचा हेच आहे. मनाशी लढणं हा मोठा जिहाद, ही हदीस तर धर्मपंडित इब्न तैमियाने निराधार म्हणून उडवलीय. अर्थ वापरातून ठरतो.

दौत: वापरच बघा की! कुराण 25:52 मक्केतली आयत, लढायची परवानगीच नव्हती तेव्हाची, आणि तिथे कुराण घेऊन 'मोठा जिहाद' करायला सांगितलंय. बुखारीच्या हदीससंग्रहात एकजण जिहादला जायची परवानगी मागतो, पैगंबर विचारतात आईवडील आहेत का, तो हो म्हणतो, मग त्यांच्यासाठीच जिहाद कर म्हणतात. इथे धर्मयुद्ध घालून मोठ्याने वाचा, आईबापांशीच लढाई होते.

नक्षी: 'पराकाष्ठा' घ्या. चांगला मराठी शब्द असताना अरबी कशाला?

पानगळ: मग कायदा, वकील, तारीख पण काढून टाका, करा सुरुवात.

दौत: पराकाष्ठेत सोसणं येत नाही, मला ते हवंय. बादशाह खानांनी 1929 मध्ये खुदाई खिदमतगार ही अहिंसक संघटना उभी केली तेव्हा पठाणांना सांगितलं की तुमचं हत्यार सब्र, म्हणजे धीराने सोसणं. 23 एप्रिल 1930 ला पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात निःशस्त्र लोकांवर गोळीबार झाला आणि ब्रिटिश फौजेतल्या गढवाली शिपायांनी गोळी झाडायला नकार दिला. सीरियाचे विचारवंत जवदत सईद यांनी 1966 मध्ये कुराणातल्या हाबीलच्या (आदमचा मुलगा, भावाने मारलेला) एका वाक्यावर (5:28) पुस्तक लिहिलं, तू मला मारायला हात उचललास तरी मी उचलणार नाही. हे सगळं इस्लामच्या आतलं आहे, बाहेरून चिकटवलेलं नाही.

रोखठोक: ती अहिंसा झाली, तिला अहिंसाच म्हणा. जिहाद तसाच ठेवा आणि तळटीप द्या.

नक्षी: तळटीप कोणी वाचत नाही. 'शहीद'ला हुतात्मा चाललाच ना?

हिशोबनीस: चालला, पण शहीद मुळात साक्षीदार. हुतात्म्यात आहुती आहे, साक्ष नाही.

नक्षी: आहुतीच महत्त्वाची.

हिशोबनीस: अजिबात नाही, साक्ष गेली की शब्दच गेला.