नॅनोनलिकेच्या टोकाशी फाउलर-नॉर्डहाइम सूत्र का अपुरे पडते

तीव्र विद्युतक्षेत्रामुळे पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन ऊर्जा-अडथळा पार करून बाहेर पडतात (क्षेत्र-उत्सर्जन); त्याचा प्रवाह काढणारे फाउलर आणि नॉर्डहाइम यांचे १९२८चे सूत्र हाताशी असताना कार्बन नॅनोनलिकांसाठी, म्हणजे कार्बन अणूंच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्यांसाठी, संपूर्ण क्वांटम गणनेचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न विचारला जातो; त्या चर्चेत थोडी भर घालावीशी वाटते. ते सूत्र सपाट धातुपृष्ठासाठी, बाहेरील विद्युतक्षेत्र एकसमान आहे असे गृहीत धरून मांडलेले आहे. एकपदरी नलिकेच्या टोकाची त्रिज्या मात्र जेमतेम नॅनोमीटरभर असते आणि तितक्याच अंतरात क्षेत्र झपाट्याने घटते. वर्क फंक्शन (इलेक्ट्रॉन पृष्ठभागातून बाहेर काढायला लागणारी किमान ऊर्जा) ५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि टोकाजवळचे क्षेत्र ५ व्होल्ट प्रति नॅनोमीटर धरले, तर इलेक्ट्रॉनला पार करावा लागणाऱ्या त्रिकोणी ऊर्जा-अडथळ्याची रुंदी १ नॅनोमीटर येते, म्हणजे जवळजवळ त्रिज्येइतकीच; त्यामुळे अडथळ्याच्या रुंदीत क्षेत्र एकसमान राहते हे गृहीतक इथे टिकत नाही.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. बंद टोकावरील कार्बनच्या पंचकोनांमुळे फर्मी पातळीच्या (इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या ऊर्जापातळ्यांच्या वरच्या सीमेच्या) आसपास स्थानबद्ध, म्हणजे टोकापुरत्याच मर्यादित, इलेक्ट्रॉन अवस्था निर्माण होतात, आणि प्रत्येक अवस्थेतून किती प्रवाह निघेल हे तिच्या सममितीवरही अवलंबून असते. म्हणून डेन्सिटी फंक्शनल थिअरीने (इलेक्ट्रॉन घनतेवरून गणना करणाऱ्या क्वांटम पद्धतीने) क्षेत्रासह विभव काढावे आणि नंतर कालावलंबी श्रोडिंगर समीकरण सोडवून इलेक्ट्रॉनचे तरंगफलन निर्वातात किती वेगाने झिरपते ते पाहावे, ही पद्धत मला सर्वांत समाधानकारक वाटते. मात्र या थिअरीच्या लोकल डेन्सिटी अप्रॉक्सिमेशन या नेहमीच्या सोप्या रूपात पृष्ठभागाबाहेरचे प्रतिमा-विभव (बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनला पृष्ठभागाकडे परत ओढणारे विभव) फार लवकर शून्यावर येते, अडथळा वास्तवाहून जाड ठरतो, आणि इलेक्ट्रॉनचे अडथळ्यातून पारगमन त्याच्या जाडीवर घातांकी रीतीने अवलंबून असल्याने प्रवाह बराच कमी येऊ शकतो. ही त्रुटी दुरुस्त केल्याशिवाय प्रयोगातील प्रवाहाशी थेट तुलना करू नये.