स्विफ्टचे मागचे शॉकअप घरी बदलायचे आहेत, सल्ला हवा

डिचोलीचो_सागर: गाडी २०१२ची पेट्रोल स्विफ्ट. खड्ड्यात मागून टकटक वाजते, डाव्या शॉकअपवर तेल उतरलंय. चवथीला सगळ्यांना घेऊन काणकोणला मूळ घरी जायचं आहे, त्याआधी मागचे दोन्ही शॉकअप आणि बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबला की ठोकर झेलणारं रबर) अंगणातच बदलीन म्हणतो. पान्यांचा सेट आहे, गाडीबरोबरचा जॅक आहे. बजेट सामानासकट ४,०००. कुठलं सामान घेऊ?

म्हापशेकर: गॅब्रिएल घे. माझ्या वॅगनआरला तेच आहेत, चोर्ला घाटात गाडी भरलेली असली तरी डुलत नाही. आणि उघडतोच आहेस तर चारही शॉकअप नि स्प्रिंग बदल. १५-१६ हजारांत गाडी नवी होते.

डिचोलीचो_सागर: दादा, ४,०००.

पर्वरी७७: घरी कशाला? गॅरेजवाला तासाभरात करून देतो. नंतर अलाइनमेंट लागेलच, ती काय अंगणात करणार? आणि स्प्रिंगमध्ये रबर बफर घाल, गाडी वर उचलली जाते. मी घातलेत, मस्त.

कुडचडे_पाना: स्विफ्टला मागे टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या तुळईला जोडलेली. शॉकअप बदलल्याने चाकांचा कोन बदलत नाही, त्यामुळे या कामासाठी अलाइनमेंट लागत नाही. ती पुढच्या कामाला लागते.

पर्वरी७७: मला गॅरेजवाल्याने करायला लावली होती.

कुडचडे_पाना: पैसेही घेतले असतील.

सागर, आता तुझ्या कामाचं. मागची चाकं उचललीस की हँडब्रेकचा उपयोग शून्य, कारण तो मागच्याच चाकांना असतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेव आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लाव. गाडीबरोबरचा जॅक फक्त उचलायला. वजन घोड्यांवरच (गाडी तोलून धरणारे लोखंडी स्टँड), उंबऱ्याच्या पट्टीवर जिथे जॅक लावायची खूण असते तिथे. दुसरा जॅक बीमखाली स्प्रिंगच्या जवळ लाव, मधोमध नको. शॉकअपच बीमला खाली जाण्यापासून धरून ठेवतो. आधार न देता बोल्ट काढलास तर बीम खाली येतो, ब्रेकची नळी ताणली जाते, स्प्रिंग जागेवरून निसटते. म्हणून एका वेळी एकच बाजू.

फोंडा_मोटर: आदल्या रात्री बोल्टना गंजाचं तेल मार. आपल्या हवेत खालचा बोल्ट बुशच्या (शॉकअपच्या टोकाच्या रबरी नळीच्या) आत धरून बसतो.

म्हापशेकर: गंजाचं तेल मारच. आणि गॅब्रिएलच घे.

वास्को_निवृत्त: आमच्या वाड्यावर एकाने घोड्यांऐवजी चिरे रचले. पावसात भिजलेला चिरा वजन येताच मधोमध फुटला, गाडी ब्रेक ड्रमवर बसली. तो पाना आणायला घरात गेला होता म्हणून वाचला. बाबा, चिरा भिंतीला ठीक, गाडीखाली कधीच नको. पोरंबाळं असलेला माणूस तू, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

पर्वरी७७: म्हणूनच म्हणतो, गॅरेज.

कुडचडे_पाना: आणखी दोन गोष्टी. वरचा नट सोडताना दांडी फिरते. चकचकीत दांडीला पकड लावू नकोस, ओरखडा आला की सील जातं आणि नवा शॉकअपही गळतो. आणि खालचा बोल्ट चाक लोंबकळत असताना पूर्ण आवळू नकोस. जॅकने बीम उचल, गाडीचं वजन आलं की मग टॉर्क पान्याने (ठरावीक जोरापर्यंतच आवळणारा पाना) आवळ. नाहीतर बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बफरच्या भानगडीत पडू नकोस, स्प्रिंगच्या वेटोळ्यांना हलायला जागा उरत नाही.

पर्वरी७७: माझ्या गाडीत काही झालेलं नाही.

फोंडा_मोटर: नवे शॉकअप दुकानात आडवे पडलेले असतात. उभे धरून पाच-सहा वेळा दाबून मग बसव.

म्हापशेकर: स्प्रिंगचं काय ठरलं?

डिचोलीचो_सागर: स्प्रिंग नाही. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजू मोजल्या, उंची सारखी भरली. गॅब्रिएलही नाही, मारुतीचेच घेतले. माझ्या गाडीच्या नंबरावरून जुळवून दिले. घोड्या आणि टॉर्क पाना मावसभावाकडून आणतो. अलाइनमेंट नाही, बफर नाही, गॅरेजही नाही. रविवारी पाऊस उघडला तर पोर्चमध्ये काँक्रीटवर करतो, अंगणाला उतार आहे.

वास्को_निवृत्त: एकटा करू नकोस. मावसभावालाच थांबवून घे.

पर्वरी७७: स्विफ्टला पुढचे शॉकअप कुठले चांगले? माझे वाजायला लागलेत.