एकांत, एकटेपणा आणि ‘स्वस्थ बस’

विचारणा : एका ध्यान-शिबिराचं पत्रक मराठीत करायचंय. आधीच्या अनुवादकाने ‘भावनिक संतुलनासाठी एकटेपणाचे महत्त्व’ असा मथळा दिलाय. वाचून शिबिराला जायची भीतीच वाटते. ‘एकांत’ चालेल का? आणि ‘भावनिक संतुलन’ला काही बरं सुचतंय का?

उत्तर : ‘एकांत’च हवा. सोबतची क्रियापदं बघा. एकटेपणा वाट्याला येतो, खायला उठतो. एकांत मिळतो, लाभतो, कधी मागून घ्यावा लागतो. शिवाय एकांताला माणूस एकटाच असावा लागतो असंही नाही. आमच्या चाळीत दोन खोल्यांत आठ माणसं. नव्या जोडप्याला एकांत मिळावा म्हणून घरातली सगळी वडीलधारी रविवारी दुपारी अचानक भाविक व्हायची आणि देवळात जाऊन बसायची!

तुकोबांच्या ‘वृक्षवल्ली’च्या अभंगात ‘येणें सुखें रुचे एकांताचा वास’ आहेच, पण शेवट बघा : ‘आपुलाचि वाद आपणांसी’. म्हणजे त्या एकांतात शांतता कमी, स्वतःशी भांडणच जास्त. पत्रकवाले हे सांगत नाहीत.

दुसरं मत : ‘एकांता’ला लपवाछपवीचाही वास येतो. ‘एकांतात गाठलं’ म्हटलं की कान टवकारतात. संस्कृतातल्या ‘रहस्’चा अर्थ एकांत, त्यातूनच ‘रहस्य’ आलं. जैनांच्या अनेकांतवादात तर ‘एकांत’ म्हणजे एकाच बाजूने बघणं. तरीही पत्रकाला ‘एकांत’च ठेवा. ‘एकाकी’ नको आणि ‘एकलकोंडा’ तर मुळीच नको, लग्नाच्या बोलण्यात ती तक्रार असते.

इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात ‘आर्यमौन’ म्हणतात. 10 दिवसांच्या शिबिरात साधकांनी आपसात बोलायचं नाही, खाणाखुणाही नाहीत. शेजारी बसून आमटी-भात जेवणाऱ्याकडे बघायचंही नाही. माणसं भरपूर आणि तरी एकांत. तुमचं शिबिर तसं असेल तर हा शब्दही बघा.

पुन्हा पहिला : ‘भावनिक संतुलन’ वाचलं की मला तराजू दिसतो. मराठीत मन थाऱ्यावर येतं, जीव निवतो. पण माझी पसंती ‘स्वस्थ’ला. स्व + स्थ, आपल्या ठिकाणी असलेला. गीतेच्या चौदाव्या अध्यायात ‘समदुःखसुखः स्वस्थः’ असं आहे, म्हणजे तुम्ही शोधताय ते संतुलन त्याच ओळीत. हिंदीत ‘स्वस्थ’ म्हणजे निरोगी. आपल्याकडे तो शब्द मनाकडे सरकला, म्हणून ‘अस्वस्थ’ माणसाला ताप नसतो, झोप नसते. आजी मागीलदारी पावटे सोलत बसायची. आम्ही भोवती नाचलो की सूप जरा बाजूला सरकवून म्हणायची, “मेल्यांनो, घटकाभर स्वस्थ बसू द्या मला.” हात तर चालूच असायचे! तेव्हा ते विसंगत वाटायचं.

(‘ध्यान’ शब्द मथळ्यात जपून. ‘सुंदर तें ध्यान’ खरं, पण ‘काय ध्यान आहे!’ हेही आपलंच.)

विचारणारा : आभार. ‘एकांतात घटकाभर स्वस्थ’ असा मथळा करून पाठवला होता. आजच परत आला. शेरा : ‘आरोग्यविषयक दावे करू नयेत.’