अनुभव धागा: घरातला विडीचा धूर आणि न ओढणाऱ्याचं हृदय

पाऊस लागला की बेळगाव-खानापूरकडे विडी ओढणारा माणूस अंगणातून सोप्यात येतो, आणि दारं-खिडक्या गारठ्यानं आधीच लावलेल्या असतात. हृदयरुग्णांशी रोज संबंध येणाऱ्यांनी इथे लिहावं: धुरानं काय होतं, घरात काय उपयोगी पडतं, काय फसतं. स्वतःची कहाणी नको, कामाची माहिती द्या.

परिचारिका, हृदयविभाग, बेळगाव
लोक फुफ्फुसाचं विचारतात, हृदयाचं कुणी विचारत नाही. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, म्हणून गरज पडेल तशी वाहिनी रुंदावते. धुरानं ते कमी पडतं. शिवाय रक्त गोठवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट्स, चिकट होऊन गुठळी लवकर धरते. याला वर्षं लागत नाहीत. जपानमधल्या २००१ च्या अभ्यासात न ओढणारे निरोगी तरुण फक्त अर्धा तास धुरात बसले, आणि गरजेला रक्तप्रवाह वाढवण्याची त्यांच्या हृदयधमन्यांची ताकद ओढणाऱ्यांच्या पातळीला उतरली. कायम धुरात राहणाऱ्याला हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी वाढतो, पक्षाघाताचा २० ते ३० टक्क्यांनी.

औषध दुकान, निपाणी
विडी बारकी म्हणून धूर कमी, हा समज आमच्याकडे घट्ट आहे. तंबाखू कमी असते हे खरं. पण पानातून हवा नीट आत जात नाही, विडी सारखी विझते, म्हणून झुरके जास्त मारावे लागतात आणि कार्बन मोनॉक्साइडही भरपूर निघतो. रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून घट्ट धरतो, म्हणून हृदयाला ऑक्सिजन कमी पडतो. चढ चढताना ज्याच्या छातीत आधीच भरून येतं, त्याला मग चार पावलांतच दुखायला लागतं.

विड्या वळणाऱ्या बायका विचारतात, वळल्यानंही असंच होतं का? तंबाखूची धूळ आणि कातडीतून शिरणारं निकोटिन हा वेगळा त्रास. कार्बन मोनॉक्साइड पेटवल्यावरच तयार होतो.

आशा कार्यकर्ती, खानापूर तालुका
पंखा लावून धूर जात नाही, घरभर फिरतो. खिडकीत बसून ओढलं तर वाऱ्यासरशी तो आतच येतो. उदबत्ती लावली की वास झाकतो आणि धुरात धुराची भर पडते. नुसती धरून ठेवलेली विडीही विझेपर्यंत धुमसत असते, म्हणून थोटूक पाण्याच्या डब्यातच टाकायचं.

जमतं ते एवढंच: परड्यात पत्र्याखाली खुर्ची, शेजारी पाण्याचा डबा, आणि मधलं दार लावलेलं. सून सासऱ्यांना "ओढू नका" म्हणू शकत नाही, पण असं बोलता येतं: "मामा, आत्तींना हृदयाच्या गोळ्या चालू आहेत, डॉक्टर म्हणालेत घरात धूर नको. परड्यात खुर्ची टाकते, चहा तिकडंच आणते." भांडण न होता विडी बाहेर जाते.

खानावळचालक, चिकोडी
२ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी ओढायला बंदी आहे. दारात ६० बाय ३० सेंटिमीटरचा फलक हवा. टेबलावर राखदाणी किंवा काडीपेटी ठेवायची नाही. राखदाणी दिसली की माणूस पेटवतोच, म्हणून आधी ती उचला. वडापच्या, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या, गाडीतही ओढायला बंदीच.

परिचारिका, बेळगाव (पुन्हा)
खानापूरच्या ताईंना जोड: न्हाणीच्या चुलीचा धूरही हृदयाला तसाच जाचतो, विडी बाहेर गेली तरी चुलीला धुराडं हवंच. ज्यांना सोडायचीच आहे त्यांना १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक द्या.

आणि डॉक्टर मंडळींना विनंती. केसपेपरवर "धूम्रपान: नाही" लिहिलं की विचारणं तिथंच थांबतं. पुढचे दोन प्रश्न विचारा: घरात, गाडीत, कामावर जवळ कोण ओढतं? आणि छातीत दुखायला लागलं, त्याच्या आधीच्या तासाभरात तुम्ही कुठे बसला होता?