प्रति: चूक ऑपरेटरची की पॅनलची?

या चर्चेत वर एकांनी लिहिलंय, "माणूस नीट शिकवला की चुका होत नाहीत." मला नाही पटलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमानं धावपट्टीवर उतरली की वैमानिक कित्येकदा फ्लॅपऐवजी (फ्लॅप म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपा) चाकंच आत घ्यायचे, आणि धडधाकट विमान पोटावर बसायचं. हे काही नवशिके नव्हते. अल्फोन्स चपानिस या मानसशास्त्रज्ञानं कॉकपिट पाहिलं, तर दोन्ही स्विच शेजारी-शेजारी आणि दिसायला सारखेच! त्यानं चाकांच्या स्विचला चाकासारखी गोल मूठ दिली, फ्लॅपच्या स्विचला पाचरीसारखी. न बघता हाताला कळावं म्हणून. प्रवासी विमानांत ती चाकाची मूठ आजही असते.

भोसरीत मी ज्या मशीन शॉपवर होतो तिथं क्लॅम्प-अनक्लॅम्पची, म्हणजे यंत्रात जॉब घट्ट पकडायची आणि सोडायची, बटणं अशीच जुळी. रात्रपाळीला पहाटे ३-४ च्या सुमारास घोळ ठरलेला, आणि सकाळी "लक्ष कुठे होतं?" म्हणून मेमो. शेवटी आमच्या एका फिटरनं एका बटणावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला. घोळ अगदी संपला नाही, पण बराच कमी झाला. यंत्रं माणसाच्या सोयीची बनवायच्या शास्त्राला एर्गोनॉमिक्स म्हणतात; त्या बाबाला हा शब्दही ठाऊक नव्हता.

मेमो मात्र कुणी मागे घेतले नाहीत.