चांगले मराठी ब्लॉग मधेच का बंद पडतात?

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा):
मंडळी, खूप दिवस मनात आहे म्हणून लिहितेय. आपल्या भागावर जीव लावून लिहिणारे मोजकेच ब्लॉग मला सापडले आणि आता त्यातला एकही चालू नाही. एक जण जुन्या विहिरींवर लिहायचे. लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीवर त्यांनी असं लिहिलंय की मी आधी जाऊन आलेली असूनही परत गेले, शिलालेखातलं १६४१ ते १६४६ हे शक म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४ हे मला त्यांच्यामुळे कळलं, वरचा महाल, मोटांच्या जागा सगळं नीट उलगडून सांगितलंय आणि शेवटी "मोटेचं पाणी पुढे कुठं कसं जायचं ते पुढच्या भागात, क्रमशः". तो पुढचा भाग कधी आलाच नाही!! दुसरा ब्लॉग कासच्या फुलांचा. कुठल्या आठवड्यात पठारावर काय फुललंय ते साध्या भाषेत लिहायचे, नुसते फोटो नाहीत. त्यांची शेवटची पोस्ट काय तर "बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आता नियमित लिहीन". त्यानंतर काही नाही. मी अजून अधूनमधून उघडून बघते आणि तेच पान दिसलं की खरंच वाईट वाटतं, रागही येतो, कारण हे दुसरं कोणी लिहीत नाही हो, पेपरात चार ओळी येतात आणि संपलं. असं का होतं? आणि वाचणाऱ्यांनी काय करायचं?

मिरजकर:
ताई, सारखं उघडून बघू नका, त्यानंच जास्त त्रास होतो. फीडली किंवा तसलं एखादं फीड रीडर घ्या, त्यात ब्लॉगचा पत्ता टाकून ठेवायचा, नवीन काही आलं की तिथं दिसतं. पूर्वी गूगल रीडर होतं तेव्हा आम्ही असेच कितीतरी ब्लॉग वाचायचो, वर्षातून एकदा लिहिणारा पण नजरेतून सुटायचा नाही. जुलै २०१३ ला गूगलनं ते बंद केलं आणि माझं तरी ब्लॉग वाचणं तिथंच तुटलं. माझ्या मते लिहिणारे कमी झाले त्यात ह्याचा पण हात आहे, कारण क्वचित लिहिणाऱ्याकडं वाचक परत येणार कसा?

वाईची:
मी स्वतः काही वर्षं ब्लॉग लिहिलाय म्हणून दुसरी बाजू सांगते. एक लेख म्हणजे तिथं जायचं, गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलायचं, दोघं दोन वेगळं सांगणार मग तिसऱ्याला विचारायचं, फोटो, टायपिंग, आणि हे सगळं नोकरी, स्वयंपाक, मुलांच्या परीक्षा सांभाळून. सुरुवातीला लेखाखाली लोक लिहायचे, "आमच्या आजोळी पण अशी विहीर आहे" वगैरे, त्यातून पुढचा लेख सुचायचा. नंतर सगळे फेसबुक, व्हॉट्सॲपवर गेले. माझाच एक लेख माझं नाव काढून नात्यातल्या ग्रुपवर मला आला, त्या दिवशी फार लागलं मनाला. वाचतंय कोण हेच कळत नसेल तर हात आपोआप थांबतो. त्या विहिरीवाल्यांना लिहा ना. "छान लिहिता, लिहीत राहा" एवढंच नको, नेमका प्रश्न विचारा, मोटेच्या पाण्याचं पुढं काय ते. मला तसं कोणी विचारलं असतं तर मी रात्री जागून उत्तर लिहिलं असतं.

सांगलीवाडी:
माझं जरा वेगळं मत आहे. नवीन लिहिलं नाही म्हणजे ब्लॉग वाया गेला असं नाही. आमच्या इकडच्या एकानं २००५ च्या पुरावर लिहून ठेवलं होतं, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला किती फूट पाणी झालं की कुठल्या गल्लीत पाणी शिरतं, रस्ता कुठं आधी तुटतो. नंतर त्यांनी काहीच लिहिलं नाही. पण ऑगस्ट २०१९ ला धोक्याची पातळी ४५ फुटाची आणि पाणी चढत चढत ५७ च्या वर गेलं, तेव्हा आम्ही तेच जुनं पान बघून आधी तांदूळ-गहू, कागदपत्रं वरच्या मजल्यावर नेली आणि मग आईला घेऊन बाहेर पडलो. त्या माणसाचे उपकार आहेत आमच्यावर. त्यामुळं मला नवीन पोस्टपेक्षा जुनी राहतील का ह्याची काळजी जास्त वाटते. स्वतःचं डोमेन, म्हणजे साईटचं विकत घेतलेलं नाव असेल तर दरवर्षी पैसे भरावे लागतात, भरले नाहीत की साईट गेली. शिवाय गूगलच्या ब्लॉगरवर लिहिलेलं असेल तर, दोन वर्षं न वापरलेली खाती काढून टाकू शकतो असं गूगलनं २०२३ मध्ये जाहीर केलंय. म्हणून आवडलेल्या प्रत्येक लेखाची लिंक वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या प्रती जपून ठेवणारी साईट) टाकून सेव्ह करा, फुकट आहे, मोबाईलवरून पण होतं. कुणाची परवानगी काढत बसू नका, आधी वाचवा.

अजिंक्यताऱ्याखाली:
सांगलीवाडी दादा, तुमचं वाचून लगेच बसले आणि विहिरींचे सगळे लेख सेव्ह केले, फोटो काही ठिकाणी आले नाहीत पण मजकूर आलाय. वाईच्या ताई, त्यांचा मेल पत्ता पानावर आहे, आज रात्री पाण्याचाच प्रश्न विचारते, आणि तुमच्या ब्लॉगची लिंक पण इथं द्या, वाचायचाय. कासवाल्यांचा मात्र काहीच पत्ता नाही, कुणी ओळखत असेल तर प्लीज कळवा, फुलांचा सीझन सुरू व्हायच्या आत बोलायचंय त्यांच्याशी.