कॉलेजातून सुट्टीला घरी आलेली मुलं आणि आपण – नियम लावायचे की गप्प बसायचं?

हैराण_आई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. लेक कॉलेजचं पहिलं वर्ष संपवून उन्हाळ्याच्या सुट्टीला घरी आलीये. यायच्या आधी मी नुसती वाट बघत होते, खोली आवरून ठेवली, आणि आता आलीये तर रोज कशा ना कशावरून वाजतंय. दुपारी साडेबाराला उठणार, मग तासभर मोबाईल, मग नाश्ता म्हणावा की जेवण म्हणावं अशा वेळेला काहीतरी खाणार. संध्याकाळ झाली की बाईसाहेबांना तरतरी येते आणि आम्ही दिवे मालवायला लागलो की "मी जरा मैत्रिणीकडे जाऊन येते". जरा म्हणजे किती असं विचारलं की तोंड वाकडं. परवा दीड वाजला, फोन उचलेना, मी हॉलमध्ये बसलेली. आली आणि म्हणते, "आई, तिकडेही मी याच वेळेला येते, फक्त तुला माहीत नसतं". आता यावर काय बोलायचं सांगा! खरंच आहे ते, पण माहीत नव्हतं तेव्हा मला झोप लागत होती ना.

बॅग अजून उघडी हॉलमध्येच पडलीये. त्यातनंच कपडे काढते आणि वापरलेले परत त्यातच कोंबते, कुठले धुतलेले नि कुठले मळलेले ते तिलाच ठाऊक. धाकट्याला सकाळी पोहायला उठवलं की तो म्हणतो ताईला का नाही उठवत. ह्यांचं म्हणणं एकच, "सोड ना, पाहुणी आहे चार दिवसांची". अहो पण चार दिवस कुठले, सुट्टी चांगली दोन-अडीच महिन्यांची आहे!

तर प्रश्न असा की तुम्ही काय करता? शाळेत असतानाचे नियम परत लावायचे का? की आता मोठी झाली म्हणून सगळं सोडून द्यायचं? मधलं काही असतं का?

---

दोनदा_अनुभवी

ताई, आमच्याकडे दोघांच्या वेळी हेच झालं त्यामुळे सगळं डोळ्यासमोर आलं. झोपेचं आधी सांगते कारण निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात.

एक तर परीक्षा, सबमिशनं, सामान बांधणं, प्रवास हे सगळं करून ही मुलं येतात तेव्हा झोपेचं बरंच देणं साठलेलं असतं, पहिला आठवडा-दीड आठवडा ते फेडण्यातच जातो, त्यात आळस वगैरे काही शोधू नका. दुसरं म्हणजे या वयात शरीराचं घड्याळच उशिरा चालतं. रात्र झाली आता झोपा असं शरीराला सांगणारं जे मेलाटोनिन असतं ते वयात आल्यापासून हळूहळू उशिरा सुटायला लागतं आणि हे उशिरा-उशिरा प्रकरण विशीच्या आसपास टोकाला जातं. जर्मनीतल्या टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००४ मधला यावरचा अभ्यास आहे, त्यात मुलींमध्ये हे टोक साधारण साडेएकोणीस वर्षांना आणि मुलांमध्ये एकविशीच्या जवळपास येतं असं दिसलं, आणि तिथून पुढे घड्याळ परत अलीकडे सरकायला लागतं. म्हणजे तुमची लेक आत्ता बरोब्बर शिखरावर बसलीये :)

आणि एकदा हिशोब करून बघा. अमेरिकेतल्या नॅशनल स्लीप फाउंडेशनने २०१५ मध्ये १८ ते २५ वयासाठी ७ ते ९ तास झोप सांगितली आहे. ती रात्री साडेतीनला झोपून साडेबाराला उठत असेल तर झाले ९ तास. म्हणजे झोप जास्त नाहीये, सरकलेली आहे. आपण दुपारी बाराचा ठोका ऐकून चिडतो, ती झोपली कधी ते बघतच नाही.

आता यातलं सगळंच काही शरीराचं नसतं, रात्री दोनपर्यंत डोळ्यासमोर स्क्रीन धरला की घड्याळ आणखी पुढे ढकललं जातं हेही खरं. पण सकाळी सात वाजता मुद्दाम तिच्या दाराशी व्हॅक्यूम क्लीनर फिरवून काही होत नाही (आमच्या ह्यांनी करून बघितलंय, निष्पन्न शून्य, वर दिवसभर अबोला).

---

खडूस_बाबा

मेलाटोनिन वगैरे सगळं मान्य पण बॅग हॉलमधून उचलायला कुठलं हार्मोन लागतं?? घर आहे, लॉज नाही.

मी सरळ दोन खाती पाडली. ज्याचा त्रास फक्त माझ्या डोळ्यांना होतो ते एक आणि ज्याचा त्रास घरातल्या बाकीच्यांना होतो ते दुसरं. मुलगा किती वाजता उठतो, केस किती वाढवतो, खोलीत काय पसारा करतो ते पहिल्या खात्यात, तिथे मी तोंड उघडत नाही, दार लोटून घेतो. पण हॉलमधला पसारा, रात्री दोनला स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज, जेवायला आहे की नाही ते न सांगणं, गाडी घेऊन जाणं आणि टाकी रिकामी करून आणणं हे दुसऱ्या खात्यात, तिथे अजिबात सूट नाही.

रात्री उशिरा यायचं पण तसंच. मी त्याला म्हटलं, तू परवानगी मागू नकोस, पण कळव. बाहेर पडताना कुठे आणि साधारण कधी परत एवढं सांगायचं आणि त्याहून उशीर होणार असेल तर एक मेसेज टाकायचा, संपलं. हे मी तुझा बाप आहे म्हणून नाही मागत, रूममेटला पण माणूस इतकं सांगतोच की. आणि उलटंही, आम्हाला दोघांना उशीर होणार असला तर आम्हीही त्याला कळवतो. यानंतर खरंच कटकट कमी झाली कारण त्याच्यासाठी मुद्दा वयाचा राहिला नाही.

अजून एक, कामं वाटून द्या. "जरा मदत कर ना" याला काही अर्थ नसतो, ऐकणाऱ्याला ते वाऱ्यासारखं वाटतं. अमुक काम तुझं, ते कधी करायचं ते तू ठरव पण आम्हाला आठवण करायला लावायची नाही. वर्षभर स्वतःचे कपडे स्वतः धुतलेत ना, मग घरी आल्यावर हात का गळतात ते मला आजवर कळलेलं नाही.

---

लोकेशन_ऑन

एवढं कशाला, मोबाईलवर लोकेशन शेअरिंग चालू करून घ्या. आमच्या घरात सगळ्यांचं चालू असतं. डोळा लावायच्या आधी एकदा बघायचं, की झोप.

---

सध्या_घरीच

काकू, मी त्या बाजूचा/ची आहे, म्हणजे सध्या सुट्टीला घरी. इथे सगळे आई-बाबाच दिसतायत म्हणून लिहितोय/लिहितेय (ओळख लपवतोय कारण आमचे मातोश्री पण इथे असू शकतात).

पहिलं, लोकेशनवाल्या काकांना: ते आम्ही बंद करायला शिकलोय, किंवा फोनच मैत्रिणीकडे राहतो. जबरदस्तीने लावलं तर तुम्हाला टिंब दिसेल, मुलगी कुठेय ते कळेलच असं नाही. स्वतःहून ठेवलं असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरं, आम्ही का सांगत नाही? खरं सांगू का, सांगायला काही नसतं असं नाही, पण सांगितलं की त्याला पुरवणी येते. "मैत्रिणीकडे जाते" म्हटलं की कुठली मैत्रीण, तिचे आई-बाबा काय करतात, एवढ्या रात्री तिच्या घरचे काही म्हणत नाहीत का, आणि मग हळूच आमच्यावेळी वगैरे. तिकडे वर्षभर आजारी पडलो तर डॉक्टरकडे एकटे गेलो, फॉर्म भरले, पैसे पुरवून वापरले, आणि घरी आलं की पहिल्या तासात "अंघोळ केलीस का". डोक्यात जातं. यात तुमचं प्रेम दिसत नाही असं नाही, पण वर्षभरात आम्ही काय शिकलो ते कुणी विचारतच नाही.

आणि एक कुणी लक्षात घेत नाही, आम्हालाही घरी आल्यावर विचित्र वाटतं. माझ्या खोलीत आता इस्त्रीचं टेबल आणि जुने खोके आहेत. शाळेतले मित्र कुणी इंटर्नशिपला, कुणी आलेच नाहीत. तिकडची माणसं सगळी चार दिशांना. रात्री मोबाईलवर असतो ते त्यांच्याशीच बोलत असतो कारण तेही त्यांच्या घरी असेच जागे असतात. परवा बोलता बोलता मी "मला घरी जाऊन ते बघावं लागेल" म्हटलं आणि मला होस्टेल म्हणायचं होतं. आईचा चेहरा खर्रकन उतरला. मुद्दाम नव्हतं म्हटलं.

---

खडूस_बाबा

@सध्या_घरीच पुरवणीचा मुद्दा पटला. पण अंघोळ केलीस का हा प्रश्न सुटणार नाही, सवय करून घे.

---

बोलून_बघू

मी कॉलेजातल्या मुलांसोबत समुपदेशक म्हणून काम करते. उन्हाळा आला की पालकांचे हे फोन सुरू होतात, आणि सुट्टी संपली की मुलं येऊन त्याची दुसरी बाजू सांगतात, म्हणून दोन्हीकडचं थोडं ठाऊक आहे.

जेफ्री आर्नेट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने २००० मध्ये १८ ते २५ या वयाला 'इमर्जिंग अडल्टहूड' असं वेगळं नाव दिलं, म्हणजे मोठेपण उगवतंय पण पूर्ण वर आलेलं नाही. या वयातल्यांना तुम्ही मोठे झालात का असं विचारलं तर पुष्कळ जण "काही बाबतीत हो, काही बाबतीत नाही" असंच उत्तर देतात. घरी आल्यावर नेमकी हीच गोची होते. पैसे मागताना ती लहान असते, वेळ विचारली की मोठी होते. आपणही कमी नसतो हं, भांडी घासायच्या वेळी "आता मोठी झालीस" आणि बाहेर पडायच्या वेळी "अजून लहान आहेस"!

पण मला खरं लिहायचं होतं ते वेगळंच. दुपारपर्यंत झोपणारं प्रत्येक मूल थकलेलं किंवा आळशी नसतं. हैराण_आई, तुमची लेक संध्याकाळी तरतरीत असते, मैत्रिणींकडे जाते, उलट उत्तरं देते, हे सगळं वाचून मला तरी काळजीचं काही वाटलं नाही. काळजी कधी करायची, तर दोन आठवड्यांच्या वर जवळजवळ रोज दिवसभर उदास किंवा चिडचिडं असेल, पूर्वी आवडायचं त्यात रस उरला नसेल, मित्रांचे फोन टाळत असेल, खाणं एकदम तुटलं किंवा वाढलं असेल, झोपूनही थकवा जात नसेल, आपण निरुपयोगी आहोत असलं काही बोलत असेल. असं असेल तर "उठ, काहीतरी कर" याचा उपयोग नाही, डॉक्टरांना दाखवा. जगण्याचा कंटाळा आल्यासारखं बोलत असेल तर सरळ विचारा, जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्याने ते डोक्यात शिरतं ही भीती खोटी आहे, उलट विचारल्यावर मुलं बोलतात. आणि उत्तर हो आलं तर एकटं न ठेवता लगेच मदत घ्या, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

बऱ्याचदा मागे एखादं साधं पण अवघड कारण असतं. विषय राहिलाय, शाखा बदलायचीये, कुणाशी तरी संपलंय. समोरासमोर बसवून विचारलं तर येणार नाही. गाडीत शेजारी बसून, कपडे वाळत घालताना, म्हणजे एकमेकांच्या डोळ्यात न बघता काहीतरी चालू असतं ना, तेव्हा येतं.

---

पुढचा_नंबर_माझा

आमचे चिरंजीव पुढच्या आठवड्यात अवतरतायत. वाचनखूण साठवली आहे. खडूस_बाबा, दोन खाती झकास.

---

हैराण_आई

सगळ्यांचे खूप आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. काल रात्री ती स्वयंपाकघरात एकटीच होती तेव्हा विषय काढला. रूममेटवालं वाक्य वापरलं (खडूस_बाबा, उधार घेतलंय). म्हणाली, "मेसेज टाकेन, पण तू त्यावर लगेच फोन नाही करायचास". कबूल केलं. रात्री एक वाजता मेसेज आला, 'पाऊण तास लागेल', माझा हात फोनवर गेला होता पण अंगठा वर करून गप्प बसले. झोप लागली का? अर्धी लागली.

बॅग खोलीत गेली. रिकामी नाही झाली, पण गेली. दार लोटून घेतलंय.

कामाचं विचारलं तर तिने स्वतःच सांगितलं की रात्रीचं जेवण आठवड्यातून दोनदा तिच्याकडे, कारण तिकडे तिघी मिळून स्वयंपाक करतात म्हणे! मला पत्ताच नव्हता. फक्त मी मधे मधे येऊन सूचना द्यायच्या नाहीत ही अट. ही अट मला जड जाणार आहे.

आता प्रश्न धाकट्याचा राहिला. त्याला वाटतंय ताईला सगळं माफ.

---

दोनदा_अनुभवी

धाकट्याला ताईनेच उत्तर द्यावं, तुम्ही मध्ये पडू नका. आमच्या मोठ्याने धाकटीला सांगितलं होतं की मला उशिरा उठायला मिळतं तसं फी भरायची तारीख पण मलाच लक्षात ठेवावी लागते, बोल, पाहिजे का. तिने नको म्हटलं.

आणि दोन गोष्टी आत्ताच सांगून ठेवते. कॉलेज सुरू व्हायच्या दोनेक आठवडे आधी तिला स्वतःलाच वेळ अलीकडे आणावी लागेल, तेव्हा रोज पंधरा-वीस मिनिटं लवकर उठणं आणि उठल्या उठल्या बाहेर उजेडात जाणं याचा उपयोग होतो, एकदम साडेबारावरून सातवर उडी मारायला गेली तर जमणार नाही. धाकट्याबरोबर पोहायला जायला सुरुवात केली तर दोघांचंही काम होईल बघा. दुसरं म्हणजे जायच्या आधीच्या आठवड्यात परत एकदा कडाक्याचं वाजेल, कुठल्यातरी फालतू गोष्टीवरून, चार्जर नाहीतर टॉवेल. आमच्याकडे दोन्ही मुलांच्या वेळी वाजलं. तेव्हा नवीन नियम काढू नका, सामानाची यादी काढा.